पुण्यातील विद्यार्थी, दुचाकी आणि ‘त्रयस्थ’ या शब्दाची व्याप्ती

वाहनविम्याचा विचार सामान्यतः हप्त्याच्या रकमेपासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. पुण्यासारख्या विद्यापीठनगरीत हा विचार अपुरा पडतो. येथे स्कूटर बाहेरगावच्या वडिलांच्या नावे नोंदलेली असते, चालविते मुलगी, मागे बसते तिची वर्गमैत्रीण, आणि सायंकाळी तीच स्कूटर वसतिगृहातील तिसरेच कोणी मागून नेते. अशा वेळी हप्ता किती, यापेक्षा तो कोणाच्या रक्षणासाठी भरला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे तो त्रयस्थाविषयीच्या दायित्वाचा विमा. त्याचे दर कंपनी ठरवीत नाही. ते अधिसूचनेने जाहीर होतात व शहरपरत्वे बदलत नाहीत. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० घनसेंटिमीटर क्षमतेच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये, तर १००० ते १५०० घनसेंटिमीटरच्या खाजगी मोटारीचा ३,४१६ रुपये होता. ‘थर्ड पार्टी’ या नावाने परिचित असलेला विमा तो हाच.

आता त्रयस्थ कोण? रस्त्याने चालणारा पादचारी त्रयस्थ आहे, समोरून येणारा सायकलस्वारही आहे. परंतु मागील आसनावर विनामूल्य बसलेला मित्र? युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलकसिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असा निर्णय दिला की, केवळ कायद्यापुरत्या विमापत्राखाली अशा सहप्रवाशाबद्दल विमा कंपनीवर दायित्व येत नाही. सर्वसमावेशक विमापत्र असेल तर मात्र तो सहप्रवासी संरक्षित ठरतो, हे नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या प्रकरणात २०१२ साली स्पष्ट झाले. दोन विमापत्रांतील खरा भेद वाहनाच्या दुरुस्तीपुरता नाही, तो येथे आहे. आणि विक्रेत्याच्या दुकानात नेमका हाच भेद क्वचितच सांगितला जातो.

मागून आणलेल्या वाहनाची स्थिती याहून बिकट. उसने वाहन चालविणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्या वाहनाच्या विमा कंपनीपुढे तो त्रयस्थ म्हणून येऊ शकत नाही, हे तत्त्व निंगम्मा (२००९) व रामखिलाडी (२०२०) या प्रकरणांत मांडले गेले. दुसऱ्या प्रकरणात मृताच्या आप्तांना मालक-चालकासाठी असलेल्या वैयक्तिक अपघात-संरक्षणातील एक लाख रुपये तेवढे मिळाले. हे संरक्षण २०१८ च्या आदेशाने पंधरा लाखांचे झाले खरे, पण विमापत्राच्या भाषेत ते परवानाधारक नोंदणीकृत मालकासाठी आहे. स्कूटर वडिलांच्या नावे असल्यास मुलीने त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

वाहनाच्या स्वतःच्या हानीचा विमा ऐच्छिक असून त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवितात. तत्पूर्वीच्या दरपत्रकात पुणे हे मुंबई, दिल्ली आदी शहरांसह ‘अ’ क्षेत्रात मोडत असे. जुन्या वाहनास हा विमा कितपत परवडतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. वाहनाचे विमामूल्य पाचव्या वर्षी मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. तथापि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुरात ज्यांच्या गाड्या वाहून गेल्या, त्यांना सक्तीच्या विम्यातून भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

एक बाब सहसा ध्यानात येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा त्रयस्थ-विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्व-हानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भाग संपला, तरी विमापत्रावर पुढील चार वर्षांची तारीख ठळकपणे दिसतच राहते.