स्वमग्न बालकांचे शिक्षण : चित्रांचा आधार

स्वमग्न बालकाचे पालक आमच्याकडे प्रथम औषधच मागतात. निद्रानाश, मलावरोध यांवर चिकित्सा करता येते. संभाषण व दैनंदिन व्यवहार मात्र शिकवावेच लागतात. त्यासाठीच्या दोन पद्धती आपणांस ठाऊक असाव्यात.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७२ मध्ये एरिक शॉप्लर यांच्या नेतृत्वाखाली ‘टीच’ उपक्रम राज्यभर सुरू झाला. त्यात दिनक्रम चित्रांनी मांडतात. कारण अशा अनेक बालकांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक उमगते. १९८५ साली विकसित झालेल्या ‘पेक्स’ पद्धतीत बालक चित्र हाती देऊन वस्तू मागते. चित्रांमुळे बोलणे खुंटते, ही भीती अनाठायी होय.

वैद्यबंधूंनी ‘औषधाचा गुण येईपर्यंत थांबा’ असे सांगू नये. बालकास विशेष शिक्षकाकडे त्वरित पाठवावे. औषधालयचालकांनीही स्वमग्नता समूळ घालविण्याचा दावा करणारी औषधे पुढे करू नयेत. बालपणीची वर्षे पुन्हा येत नाहीत.