सदैव ऑनलाइन गेम कन्सोल : खासगीपणा आणि ग्राहक हक्क

सदैव ऑनलाइन गेम कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरले जाणारे असे घरगुती उपकरण, जे खेळ सुरू करण्यासाठी, परवान्याची पडताळणी करण्यासाठी किंवा बंद दिसत असतानाही स्वतःला अद्ययावत करण्यासाठी इंटरनेट जोडणीवर अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, सोनीचा प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोचा स्विच ही या क्षेत्रातील प्रमुख उत्पादने आहेत. या उपकरणांसंबंधी दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप खासगीपणाचा आहे : घरात ठेवलेले कॅमेरा, मायक्रोफोन व खात्याची नोंद असलेले यंत्र कोणती माहिती गोळा करते आणि ती कोणाकडे जाते? दुसरा आक्षेप मालकीचा आहे : पैसे मोजून घेतलेला खेळ जोडणी तुटल्यावर किंवा कंपनीने सेवा बंद केल्यावर चालत नसेल, तर ग्राहकाने नेमके काय विकत घेतले? वीज व नेटवर्क वारंवार खंडित होणाऱ्या प्रदेशांत, उदाहरणार्थ कोकण किनारपट्टीवर, हा दुसरा प्रश्न अधिक तीव्र होतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या पिढ्यांतील कन्सोलमध्ये खेळ कार्ट्रिज किंवा तबकडीवर मिळत असे. तबकडी हातात असेल तो मालक, हा व्यवहार सर्वांना समजणारा होता. खेळ मित्राला उसना देता येई व जुना म्हणून विकता येई. इ.स. २००० नंतरच्या दशकात ब्रॉडबँडचा प्रसार झाला, तेव्हा कंपन्यांनी ऑनलाइन खाती, आभासी दुकाने आणि इंटरनेटवरून उतरवायचे खेळ सुरू केले. त्याबरोबर परवान्याची दूरस्थ पडताळणीही आली.

या पद्धतीचे दोष प्रथम संगणकावरील खेळांत दिसले. मे २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ आणि मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ हे खेळ बाजारात आले, त्या वेळी कंपन्यांचे सर्व्हर ताण सहन करू शकले नाहीत. परिणामी, एकट्याने खेळू इच्छिणाऱ्या ग्राहकांनाही विकत घेतलेला खेळ सुरू करता आला नाही.

एक्सबॉक्स वनचा वाद (२०१३)

मायक्रोसॉफ्टने २१ मे २०१३ रोजी एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला. ६ जून रोजी प्रसिद्ध केलेल्या धोरणानुसार कन्सोलने दर २४ तासांतून एकदा कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधणे आवश्यक होते. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपले खेळ खेळताना ही मुदत एक तासाची होती. मुदत उलटल्यास तबकडीवरील खेळही चालणार नव्हता. केवळ दूरचित्रवाणी व चित्रपट पाहता आले असते. जुने खेळ ठरावीक विक्रेत्यांकडेच देता येणार होते. मित्राला खेळ द्यायचा तर तो मित्र किमान ३० दिवस यादीत असणे आवश्यक होते आणि असे हस्तांतर एकदाच करता येणार होते. या बंधनांच्या बदल्यात कंपनीने काही सोयी देऊ केल्या होत्या. तबकडी न घालता खेळ सुरू करणे आणि कुटुंबातील दहा जणांपर्यंत खेळसंग्रह सामायिक करणे या त्यांपैकी होत.

घोषणेपूर्वीच, एप्रिल २०१३ मध्ये, कंपनीच्या एका सर्जनशील संचालकाने समाजमाध्यमावर या पद्धतीचे समर्थन केले होते. वीज कधी कधी जाते म्हणून कोणी व्हॅक्यूम क्लीनर घेण्याचे टाळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कमी जोडणीच्या लहान गावांचा उल्लेख झाल्यावर तेथे आपण का राहावे, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. कंपनीने या विधानांबद्दल माफी मागितली व संबंधित संचालकाने नोकरी सोडली. युक्तिवादातील त्रुटी अशी की वीज ही यंत्र चालण्यासाठी लागणारी भौतिक गरज आहे, तर दर दिवसाची पडताळणी ही विक्रेत्याने आपल्या सोयीसाठी घातलेली अट आहे.

जून २०१३ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई-३ प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ४ वर अशी कोणतीही पडताळणी नसेल आणि जुन्या खेळांवर बंधन नसेल, असे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन विभागप्रमुख डॉन मॅट्रिक यांनी जोडणी नसलेल्यांसाठी आधीच्या पिढीचा एक्सबॉक्स ३६० उपलब्ध असल्याचे सांगितले, त्यावरही टीका झाली. अखेर १९ जून २०१३ रोजी कंपनीने दैनंदिन पडताळणी व पुनर्विक्रीवरील बंधने मागे घेतली. त्याबरोबर कुटुंबासाठीची सामायिक संग्रहाची योजनाही रद्द झाली. भारतात हा कन्सोल २३ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे धोरण बदलल्यानंतर, अधिकृतपणे विक्रीस आला.

खासगीपणाचे प्रश्न

एक्सबॉक्स वनबरोबर ‘किनेक्ट’ हा संवेदक सक्तीचा होता. त्यात उच्च विभेदनाचा कॅमेरा, अवरक्त खोलीमापक आणि चार मायक्रोफोनची रांग होती. अंधारात व्यक्ती ओळखणे व हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज घेणे या क्षमता कंपनीने स्वतःच प्रात्यक्षिकांत दाखवल्या होत्या. कन्सोल प्रतीक्षावस्थेत असतानाही तो चालू करण्याची तोंडी आज्ञा ऐकण्यासाठी मायक्रोफोन जागा राही. जर्मनीचे तत्कालीन संघीय माहिती संरक्षण आयुक्त पीटर शार यांनी या रचनेवर पाळत ठेवणारे उपकरण अशा शब्दांत टीका केली. कन्सोलचे धोरण प्रसिद्ध झाले त्याच दिवशी, ६ जून २०१३ रोजी, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा ‘प्रिझम’ हा माहितीसंकलन कार्यक्रम उघडकीस आल्यामुळे संशय अधिकच वाढला. ऑगस्ट २०१३ मध्ये किनेक्ट जोडण्याची सक्ती काढण्यात आली आणि जून २०१४ पासून कन्सोल किनेक्टविना विकला जाऊ लागला. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले.

कॅमेरा गेला तरी माहितीचा प्रश्न संपला नाही. खात्याचे नाव, जन्मतारीख, पैसे भरण्याचा तपशील, खेळण्याच्या वेळा, मित्रांची यादी व ध्वनिसंवाद ही माहिती कंपन्यांकडे साठते. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर झालेल्या घुसखोरीत सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघड झाली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. या प्रकरणी ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये सोनीला २,५०,००० पौंड दंड केला. ऑगस्ट २०१९ मध्ये एक्सबॉक्सवरील ध्वनिमुद्रणे कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचे वृत्त आले. त्यांत चुकून सुरू झालेली मुद्रणेही होती. जून २०२३ मध्ये १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या व साठवल्याच्या आरोपावरून मायक्रोसॉफ्टने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली.

मालकी की परवाना

आभासी दुकानातून घेतलेला खेळ कायद्याच्या दृष्टीने बहुधा वस्तू नसून वापराचा परवाना असतो आणि तो रद्द करण्याचा अधिकार अटींमध्ये कंपनीकडे राखून ठेवलेला असतो. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस व वी यू या कन्सोलांवरील दुकान बंद केले, तर एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केल्यावर तो एकट्याने खेळणेही अशक्य झाले. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही आंतरराष्ट्रीय ग्राहक मोहीम सुरू झाली. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, रद्द होऊ शकणारा परवाना विकताना तो ‘खरेदी’ म्हणून दाखवायचा असेल तर ही बाब ग्राहकाला स्पष्टपणे सांगावी लागते.

तबकडी असली तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. प्लेस्टेशन ४ मधील घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि त्याच वेळी नेटवर्क उपलब्ध नसले, तर खेळ सुरू होत नसत; सप्टेंबर २०२१ मधील अद्ययावतीने हा दोष दूर झाला. एक्सबॉक्स सिरीज एक्सवर आधीच्या पिढीच्या तबकड्यांसाठी लागणारी ऑनलाइन तपासणी २०२२ मध्ये काढण्यात आली. दुसरीकडे, जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डांवर प्रत्यक्ष खेळ नसतो. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालापासून सुरू झालेली प्रक्रिया डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये परिणत झाली. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती लागते आणि तिच्या वर्तनाचा माग काढणे व तिला लक्ष्य करून जाहिरात करणे यांस मनाई आहे. सुरक्षेतील कुचराईसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. मात्र दंडाची रक्कम सरकारजमा होते आणि ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. त्यामुळे भरपाईसाठी ग्राहक कायद्याचे महत्त्व टिकून राहते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय इतरांना देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट ‘अनुचित करार’ ठरू शकते. मात्र अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात करावी लागते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात मान्य केले. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून बहुसंख्य वस्ती ग्रामीण आहे. वाड्यावाड्यांत विखुरलेली घरे, सह्याद्रीचे उतार आणि मुसळधार पाऊस यांमुळे वीजवाहिन्या व नेटवर्क अखंड राखणे कठीण जाते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात विजेचे खांब कोसळून मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांतील अनेक गावांचा वीजपुरवठा काही दिवस बंद राहिला. २०२० च्या टाळेबंदीत नेटवर्क मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना टेकडीवर जावे लागल्याची वृत्ते जिल्ह्यातून आली होती. २४ तासांच्या पडताळणीची मूळ अट कायम राहिली असती, तर अशा दिवसांत घरात वीज परत आल्यावरही नेटवर्क येईपर्यंत कन्सोल निरुपयोगी ठरला असता.

चाकरमान्यांच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. गणेशोत्सव, शिमगा व मे महिन्याची सुटी सोडता ही घरे बऱ्याचदा बंद असतात. अशा घरी ठेवलेला कन्सोल अनेक महिन्यांनी चालू केल्यास तो प्रथम मोठी अद्ययावती मागतो. खेळांचा आकारही मोठा असतो : १०० जीबीचा खेळ रोज दीड ते दोन जीबी मर्यादेच्या मोबाइल योजनेवर उतरवायचा झाल्यास ५० ते ६७ दिवस लागतात. प्रतीक्षावस्थेचा खर्चही दुर्लक्षणीय नाही. एक्सबॉक्सच्या निद्रावस्थेत १० ते १५ वॅट आणि ऊर्जाबचतीच्या बंद अवस्थेत सुमारे ०.५ वॅट वीज लागते, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. यानुसार वर्षभराचा वापर पहिल्या अवस्थेत सुमारे ८८ ते १३१ युनिट, तर दुसऱ्या अवस्थेत साडेचार युनिटांहून कमी येतो.

तारकर्ली, देवबाग व मालवण परिसरात अनेक कुटुंबे घरातच पर्यटकांची निवास-न्याहारीची सोय करतात. अशा ठिकाणच्या सामायिक कन्सोलवर पाहुण्याने स्वतःच्या खात्याने प्रवेश केला आणि निघताना खाते काढले नाही, तर त्याची माहिती व पैसे भरण्याचा मार्ग पुढच्या पाहुण्यासमोर उघडा राहू शकतो. व्यावसायिक हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असते. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने अपवाद केला आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या नातेवाइकाने घेऊन दिलेला कन्सोल गावी त्याच्या संमतीने वापरणारी व्यक्तीही कायद्यानुसार ग्राहक ठरते.

तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येत असल्याने विक्रेता मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये असला तरी मालवणचा रहिवासी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. कन्सोलची किंमत व तबकड्यांचा खर्च सहसा या मर्यादेच्या खूप आत असतो. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. त्यासाठी २०२० मध्ये ई-दाखिल व जानेवारी २०२५ मध्ये ई-जागृती हे संकेतस्थळ सुरू झाले. दाव्यापूर्वीच्या समेटासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक उपलब्ध आहे. खरेदीची पावती, खात्यातील व्यवहाराची नोंद आणि खरेदीच्या वेळी दाखवलेल्या अटींची प्रत हे अशा तक्रारीतील मुख्य पुरावे असतात. कंपन्या अटी वेळोवेळी बदलत असल्याने यांपैकी अटींची प्रत मागाहून मिळवणे सर्वांत अवघड असते.