उंच खोड, खोल बोअर

जगण्याचे हिशेब : लेखांक ९

बांधावर एकटा वाढलेला आंबा बघा. खोड आखूड आणि जाडजूड, डोक्यावर चहूबाजूंनी पसरलेला घेर. तोच आंबा तिलारीच्या खोऱ्यातल्या दाट जंगलात रुजला, तर खोड सरळसोट वर जातं, फांद्या शेंड्यापाशी फुटतात आणि घेर बेताचाच राहतो. झाड तेच, फरक शेजाऱ्यांचा. बाजूचं झाड हातभर वर सरकलं की सावली पडते, म्हणून यालाही सरकावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या ही चढाओढ चालते आणि जंगलभर लाकडाचे उंच खांब उभे राहतात. त्या जंगलाच्या एका एकरावर पडणारं ऊन मात्र तेवढंच. सगळी झाडं निम्म्या उंचीवर थांबली असती, तरी प्रत्येकाला उजेड एवढाच मिळाला असता आणि खोडात घातलेलं अन्न फळांच्या, बियांच्या कामी आलं असतं. पण झाडांना असा करार करता येत नाही. सगळे खाली राहिले, की जो एकटा वर जाईल त्याची चंगळ.

मागच्या लेखांकात आपण नैसर्गिक निवड कशी चालते ते पाहिलं. त्यातून एक प्रश्न ओघानेच येतो. स्पर्धा नसती, तर प्रगती झाली असती का? ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचाच नियम आहे, तो समाजाने मोडला तर समाज सुस्तावतो, हे आपण बक्षीस समारंभातल्या भाषणांपासून कचेरीतल्या गप्पांपर्यंत ऐकत आलो आहोत. जंगल या समजुतीला पहिला धक्का देतं. इथे चुरस आहे, कष्ट आहेत, डोळ्यांत भरणारी उंचीही आहे; पण झाडांचा सगळा जमाखर्च मांडला तर हाती काही लागत नाही. (उंच खोडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, हा धनेशाचा फायदा; त्यासाठी झाड उंच झालेलं नाही.)

‘बळी तो कान पिळी’चं खापर बहुतेक वेळा डार्विनवर फुटतं. ते पुरतं खरं नाही. १८५९च्या आपल्या ग्रंथात त्याने जगण्यासाठीची धडपड ही कल्पना मांडली, तेव्हा ती व्यापक अर्थाने घ्यावी असं तिथेच बजावलं होतं. एका जिवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्याने त्यात धरलं होतं. ‘सर्वांत योग्य तो टिकतो’ हे घोषवाक्य हर्बर्ट स्पेन्सरचं, १८६४चं. डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली घेतलं आणि मग ते कारखानदारांपासून साम्राज्यवाद्यांपर्यंत सगळ्यांनी उचललं.

या घोषवाक्याला सविस्तर उत्तर दिलं ते रशियन भूगोलतज्ज्ञ प्योत्र क्रोपोटकिनने. १८६०च्या दशकात तो सैबेरियात हिंडला होता. एकाच जातीचे प्राणी एकमेकांच्या जिवावर उठलेले दिसतील, या अपेक्षेने त्याने नजर ठेवली. दिसलं ते वेगळंच. तिथली खरी लढाई बर्फाशी आणि उपासमारीशी होती, आणि त्या लढाईत कळप करून राहणारे तगत होते. १८९०पासून त्याने यावर लेख लिहिले आणि १९०२मध्ये त्यांचं पुस्तक झालं. क्रोपोटकिनची निरीक्षणं पक्की होती, पण एक गाठ त्याला सुटली नाही. कळपात एखादा फुकट्या निघाला, स्वतः काही न करता इतरांच्या कष्टांवर पोसला गेला, तर त्याचीच पिल्लं जास्त होणार. मग काही पिढ्यांत सगळा कळप फुकट्यांचा व्हायला हवा. जंगलातल्या झाडांचा करार टिकत नाही तो याच कारणाने. तरीही निसर्गात सहकार्य टिकलेलं दिसतं. ते कसं?

उत्तराचा पहिला धागा स्पर्धेच्याच एका प्रयोगात सापडतो. १९३४मध्ये मॉस्कोतल्या गेओर्गी गाऊझ या पंचविशीही न गाठलेल्या शास्त्रज्ञाने काचेच्या नळ्यांत पॅरामेशियम हे एकपेशीय जीव वाढवले. दोन जाती वेगवेगळ्या नळ्यांत ठेवल्या तर दोन्ही छान वाढत. एकत्र ठेवल्या, अन्न एकच दिलं, की एक जात हळूहळू नामशेष होई. एकाच जागी, एकाच अन्नावर दोन जाती कायम राहू शकत नाहीत हा नियम तिथून आला, आणि स्पर्धेच्या समर्थनार्थ तो आजही सांगितला जातो. गाऊझने तिसरी एक जातही वापरली होती, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. ही जात हरलेल्या जातीबरोबर सुखाने नांदली. हरलेली वर तरंगणारे जिवाणू खाई, ही नळीच्या तळाशी बसलेलं यीस्ट खाई. तळाशी प्राणवायू कमी. तिथे तगायचं कसं? या जातीच्या पेशीत हिरवं शैवाल मुक्कामाला असतं. ते प्राणवायू पुरवतं, पॅरामेशियम त्याला आसरा देतं. म्हणजे स्पर्धेचा नियम ज्या प्रयोगांनी दिला, त्यांतच तिच्यातून निसटायची वाटही दिसली होती, आणि ती वाट भागीदारीतून जात होती.

अशा भागीदारीचा एक नमुना आपल्या गोड्या मसाल्यात असतो. दगडफूल ही एक वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरते. शैवाल उन्हातून अन्न करतं. नुसत्या बुरशीला किंवा नुसत्या शैवालाला उघड्या कातळावर निभाव लागणं कठीण. दोघं मिळून तिथे पाय रोवतात. १८६०च्या दशकाच्या अखेरीस सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितलं, तेव्हा दगडफुलांच्या जाणकारांनीच त्याला उडवून लावलं होतं.

जवळपास शंभर वर्षांनी लिन मार्ग्युलिस यांच्या वाट्यालाही तेच आलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणं हे त्यांचं काम. या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या, दुसऱ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच राहिल्या, असं मार्ग्युलिस यांनी १९६७च्या निबंधात मांडलं. छापून येण्याआधी पंधराएक नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए तपासला गेला, तो जिवाणूंच्या कुळातला निघाला आणि वाद मिटला. वनस्पतींची हरितलवकंही अशीच बाहेरून आलेली. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी हे मीलन झालं नसतं, तर झाड, माशी, माणूस यांपैकी काहीच झालं नसतं.

स्पर्धा इथे संपली का? नाही. संपलं ते दोघांचं हित वेगळं असणं. तंतुकणिकांचे बहुतेक जनुक कालांतराने पेशीच्या केंद्रकात गेले, त्यामुळे घर सोडून जायची सोयच राहिली नाही. मालक तगला तर भाडेकरू तगणार. शिवाय तंतुकणिका जवळजवळ नेहमी फक्त आईकडून येतात. आईच्या आणि बापाच्या तंतुकणिका एकाच पेशीत आल्या तर त्यांच्यात वर्चस्वाची भांडणं लागतील, ती टाळण्यासाठी ही पद्धत रूढ झाली असावी, असं अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात. ही शिस्त कुठे सुटली, तर काय होतं तेही आपल्या ओळखीचं आहे. शरीराचा हिशेब झुगारून एखादी पेशी आपल्यापुरती वाढू लागते, तिला आपण कर्करोग म्हणतो. स्पर्धा म्हणून पाहिलं, तर त्या पेशीसारखी यशस्वी पेशी शरीरात दुसरी नसते.

क्रोपोटकिनची गाठ इथे सुटते. नशीब एकमेकांत गुंतवलं आणि फुकट्याला वेसण घातली, की सहकार्य टिकतं. मग चढाओढ एक पायरी वर सरकते. जिवाणू-जिवाणूंमधली ओढाताण थांबून पेशी-पेशींमध्ये सुरू होते. पेशी एकत्र येऊन शरीर झालं, की शरीरा-शरीरांमध्ये. जॉन मेनार्ड स्मिथ आणि अर्श सात्मारी यांनी १९९५च्या त्यांच्या पुस्तकात जीवसृष्टीतली मोठी स्थित्यंतरं याच सूत्रात बांधली.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी हे कोंबड्यांवर करून पाहिलं. एका पिंजऱ्यात बऱ्याच कोंबड्या कोंबल्या की त्या एकमेकींना टोचून मारतात. सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी निवडून तिची पैदास करावी, तर अनेकदा तीच शेजारणींना टोचून पुढे गेलेली असते आणि तिच्या लेकी आणखी भांडखोर निघतात. म्यूर यांनी निवडीचं एकक बदललं. कोंबडी न निवडता त्यांनी पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्याची एकूण अंडी जास्त, त्यातल्या सगळ्या कोंबड्या पुढच्या पैदाशीला. सुरुवातीला पिंजऱ्यांमध्ये वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या. चार पिढ्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आत आलं आणि अंडी दुपटीहून अधिक झाली. निवड आणि चुरस तशीच होती, फक्त ती कुणाकुणात लावायची ते बदललं.

आता माणसांकडे येऊ. स्पर्धेची बाजू इथे लंगडी नाही. स्कूटर, टेलिफोन, गॅसची शेगडी यांसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी अजून घरोघरी आहे. ग्राहकाला दुसरीकडे जायची सोय नव्हती, म्हणून देणाऱ्याला घाई नव्हती. १९९१नंतर ते बदललं. पण ते का बदललं, हेही पाहायला हवं. स्कूटरी जास्त बनवता येत होत्या. दोन कारखान्यांच्या चुरशीत एकूण माल वाढला, दर्जा सुधारला. शिवाय स्पर्धकाचा कारखाना जाळायची कुणाला मुभा नव्हती.

याउलट आपली बोअरची शर्यत घ्या. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या फटींत. खोल गेल्यावर मिळतं ते थोडं, आणि ते भरून यायला वेळ लागतो. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर मारली की माझी विहीर आटते. मी तीनशेवर जातो, तो चारशेवर. दोघांच्या डोक्यावर कर्ज चढतं. पावसाने जमिनीत मुरलेलं पाणी मात्र थेंबानेही वाढत नाही. जंगलातल्या झाडांची ही तीच शर्यत, फक्त उलट्या दिशेची. आणि झाडांसारखाच इथेही एकट्या शहाण्याचा तोटा होतो. मी थांबलो, म्हणून शेजारी थांबत नाही.

पण झाडांना जे जमत नाही, ते माणसांना जमलेलं आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकं फड पद्धतीने सिंचन चाललं. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी किती आहे ते पाहून यंदा कोणते फड भिजवायचे, कोणते कोरडे ठेवायचे, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. बऱ्याच शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला, तर झळ सगळ्यांनाच थोडीथोडी बसे आणि सगळा घाटा कुणा एकाच्या माथी येत नसे. नशीब गुंतवणं आणि फुकट्याला वेसण, दोन्ही गोष्टी इथे सापडतात. पुढे नद्यांवर धरणं झाली, शेतोशेती विहिरी आल्या, प्रत्येकाला आपल्यापुरता मार्ग मिळाला आणि फडांचा जोर ओसरला. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने तीच शिस्त नव्या रूपात आणली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं.

मग गावात स्पर्धेला जागाच नाही का? आहे, पण वरच्या पायरीवर. २०१६मध्ये पानी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ सुरू केला. ४५ दिवसांत जलसंधारणाचं सर्वाधिक आणि सर्वोत्तम काम करणाऱ्या गावाला बक्षीस. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं. शेजारच्या गावाला हरवायचं, तर आपल्या गावातल्या भाऊबंदकीला तेवढे दिवस रजा द्यावी लागते. म्यूर यांच्या पिंजऱ्यांचाच हा न्याय. त्याला मर्यादाही आहे. खणलेला चर मोजता येतो. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उपसताना राखलेला संयम मोजणं अवघड. स्पर्धा जे मोजते तेच वाढवते. अडवलेलं पाणी जपायला शेवटी हिवरे बाजारसारखा ताळेबंदच लागतो.

या सगळ्याच्या उजेडात मूळ प्रश्नाकडे पाहू. स्पर्धा निवड करू शकते. ज्यातून निवडायचं ते घडवणं तिच्या एकटीच्या हातात नाही. पेशी, शरीर, गाव ही घडण एकत्र येण्यातून झाली. त्यांतलं कोणतं टिकेल हे पुढे स्पर्धेने ठरवलं. म्हणून कुणी ‘स्पर्धा हवीच’ म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. चुरशीने एकूण वाटा वाढतो का, की ठरलेल्या वाट्यासाठी सगळ्यांचाच खर्च वाढतो? शेजाऱ्याचे पाय ओढून पुढे जाता येतं का? आणि ही चुरस व्यक्तींमध्ये लावायची की गटांमध्ये? ठरावीक जागांच्या परीक्षेसाठी लाखो तरुण उमेदीची पाच-सात वर्षं घालतात, तेव्हा जागा एकानेही वाढत नाहीत. पहिल्याच प्रश्नापाशी त्या स्पर्धेचं समर्थन अडखळतं. स्कूटरच्या कारखान्यांची चुरस तिन्हींत पास होते.

तिसऱ्या प्रश्नात एक जोखीमही आहे. गटांची चुरस वाढली की गटाबाहेरच्यांशी वैरही वाढतं. एकजुटीने राहणारी टोळी शेजारच्या टोळीवर एकजुटीनेच चालून जाते. आणि गटाच्या आतला फुकट्या? त्याला दंड कुणी करायचा, किती करायचा, आणि दंड करणाराच फुकट्या निघाला तर? जगभरच्या कुरणांचा, मासेमारीचा आणि पाटाच्या पाण्याचा अभ्यास करून २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी याच प्रश्नांवर आयुष्य वेचलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे नियम पाहू आणि ते आपल्या सहकारी संस्थांना लावून बघू.