सॅन स्टॉर्म : जुनी स्पोर्ट्स कार सांभाळताना

सॅन स्टॉर्म ही 1990च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. तिचे इंजिन रेनॉचे, 1,149 सीसीचे आणि सुमारे 60 अश्वशक्तीचे; म्हणजे वेगापेक्षा रूपावरच भर अधिक.

तिची बॉडी फायबरग्लासची आहे. ती गंजत नाही, पण तडकते. तडा घासून त्यावर काचतंतूंची चटई आणि रेझिन बसवतात. नुसती पुट्टी भरल्यास तडा पुन्हा उमटतो. खरी गोम विजेची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचे काम करते, फायबरमधून मात्र वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची तार लोखंडी चासीपर्यंत न्यावी लागते. इंडिकेटर लावताच दुसराच दिवा मिणमिणू लागला, तर बल्ब बदलत बसण्याआधी हे जोड खरवडून घट्ट करावेत. बहुतेक ‘गूढ’ बिघाड तिथेच सुटतात.

रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक भागात धूळ आणि उन्हाळा दोन्ही कडक. रेडिएटरची जाळी तुंबली किंवा पंख्याचा स्विच बिघडला, की गर्दीत इंजिन तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी बाजूवरचा चार आकडी कोड पाहावा. तो निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो.

हौशी बदलांत आसने, स्टिअरिंगचे आवरण हे सोपे. रंग बदलल्यास आरसी पुस्तकात नोंद हवी आणि वेगळे इंजिन बसवायचे तर आरटीओची परवानगी आधी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.