डासाचे वय

डास चावला की आपण चापट मारतो. तो तरुण होता की म्हातारा, हे कोणी बघत नाही. पण हिवतापाच्या कामात डासाचे वय फार महत्त्वाचे आहे. ते का, हे आपण पाहू.

हिवताप पसरवते ती डासाची मादी. अंडी घालायला तिला रक्त लागते. १८९७ साली डॉ. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. रोग्याचे रक्त प्याली म्हणून मादी लगेच दुसऱ्याला रोग देत नाही. जंतू वाढून तिच्या लाळेत यायला सुमारे १० ते १४ दिवस लागतात. पुष्कळ माद्या तोवर मरून जातात. म्हणजे खरी भीती आहे ती म्हाताऱ्या मादीची!

मग वय ओळखायचे कसे? जुन्या रीतीत मादीचे पोट सुईने उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिने पूर्वी अंडी घातली की नाही, एवढे त्यावरून कळते. हे काम नाजूक आणि वेळखाऊ.

नवी रीत उजेडाची आहे. तांबड्या रंगापलीकडे काही किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. हे किरण डासावर सोडतात. काही किरण त्याचे अंग शोषून घेते, काही परत येतात. वयाबरोबर अंग बदलते, तसे हे प्रमाणही बदलते. ज्यांचे वय ठाऊक आहे असे डास आधी यंत्राला दाखवतात. मग नव्या डासाचा मेळ त्यांच्याशी घालतात.

आफ्रिकेत टांझानिया देशात इफाकारा येथे हा प्रयोग झाला. डास सात दिवसांच्या आतला की पुढचा, हे १०० पैकी सुमारे ८० वेळा बरोबर ओळखता आले. पोटातले रक्त माणसाचे, गाईचे, शेळीचे की कोंबडीचे, हेही पुढे तेथे अशाच किरणांनी ओळखले. आता हातात मावणारी यंत्रेही निघाली आहेत. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांपेक्षा रानातले डास ओळखणे अवघड जाते.

याचा उपयोग काय? गावात फवारणी झाली, मच्छरदाण्या वाटल्या. नंतर पकडलेले डास बहुतेक तरुण निघाले, तर काम फळाला आले. म्हातारे पुष्कळ निघाले, तर कुठेतरी चुकते आहे.

आपल्या घरी यंत्र नाही. नसू दे. रोज मच्छरदाणी लावा. फवारणीवाले आले तर दार उघडा. ताप आला तर रक्त तपासून घ्या. डासाला म्हातारा होऊ देऊ नका!