पाण्यावरच्या फळीचा घरगुती सरंजाम

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमचें खाडीकांठचें जुनें घर भरून जातें. मुंबई-पुण्याकडील भाऊ, पुतणे, सुना, नातवंडें मिळून वीस-पंचवीस पानांची पंगत बसते. गेल्या उन्हाळ्यांत या मंडळींबरोबर एक नवा पाहुणा आला. आला तेव्हां तो पाठीवरच्या पिशवींत गुंडाळलेला होता. पण पंपानें हवा भरतांच साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड होऊन त्यानें आमची अर्धी ओसरी अडविली. थोरल्या नातवानें आपल्या पहिल्या पगारांतून घेतलेला हा पाहुणा म्हणजे उभ्यानें वल्हवावयाची फळी होय. आजचीं मुलें तिला पॅडलबोर्ड म्हणतात.

संस्कृतांत लहान तराफ्यास ‘उडुप’ असा शब्द आहे. रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें, मोहानें उडुपावरून सागर तरूं पाहणाऱ्याची उपमा विनयानें स्वतःस दिली आहे. तो श्लोक मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु उडुपावर उभा राहून जाणारा माणूस पाहण्याचा योग निवृत्तीनंतरच आला. हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. तेथील वायकिकीच्या किनाऱ्यावर लाटांवरचा खेळ शिकविणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या फळीवर उभे राहून होडीचें वल्हें मारीत. पुढें ही रीत मागें पडली. २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आदि तेथल्याच पट्टीच्या खेळाडूंनीं ती पुन्हां प्रचारांत आणली. आतां आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरही अशा फळ्या दिसतात. हवेच्या फळीची रचना मोठी चतुराईची आहे. तिचें वरचें व खालचें कापड आंतून हजारों उभ्या धाग्यांनीं जोडलेलें असतें. त्यामुळें दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड दाबानें हवा भरली तरी ती फुग्यासारखी गोल न होतां लाकडासारखी ताठ व सपाट राहते.

फळी आली, पण तिचें लेणें राहिलें होतें. खांद्याचा पट्टा, सामानाची पिशवी, ती बांधण्याचे रबरी बंद, जादा पंख, लहान नांगर, भिंतीवरची मांडणी, पायाचा बंद अशी लांबलचक यादी नातवानें वाचून दाखविली. बेरीज ऐकून मीं म्हटलें, “अरे, पाळण्यापासून पोथीच्या बासनापर्यंत सारें ज्या घरांत घरींच होतें, त्या घरानें पट्ट्यासाठीं पैसे मोजावयाचे?”

“आजोबा, मग तुम्हीच करून द्या,” तो हंसून म्हणाला. मीं विडा उचलला.

प्रथम पट्टा केला. माळ्यावर खाटेची सुती नवार होती. परंतु सूत खाऱ्या पाण्यांत कुजतें, म्हणून दोन इंच रुंदीची नायलॉनची पट्टी आणली. फळीच्या दोन्ही टोंकांपासून दोन-दोन हात आंत सुतळी गुंडाळून घेर मोजला, त्यांत शिवणीचे चार-चार इंच मिळविले व त्या मापाचे दोन फांस करून मध्यें खांद्यावरून जाईल एवढी पट्टी ठेविली. जोडावर एकेरी शिवण घालूं नये. चौकोन शिवून त्याचे दोन्ही कर्णही शिवावे, म्हणजे ओढ चहूंकडे वांटली जाते. पट्टीचीं टोंकें मेणबत्तीच्या ज्योतीवर किंचित् वितळविलीं कीं धागे सुटत नाहींत. यंत्रावरचें हें सारें काम धाकट्या सूनबाईंनीं एका दुपारीं केलें.

रबरी बंद तर फुकटच झाले. सायकलच्या निकामी ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून फळीवरील कड्यांतून फुलीसारख्या ओंवल्या. त्यांखालीं पाण्याची बाटली व शिदोरी घट्ट बसते. पिशवीनें मात्र आमची परीक्षा घेतली. जाड रेक्झिनची पिशवी शिवून, आंत वर्तमानपत्राचा कागद घालून ती अर्धा तास बादलींत बुडवून ठेविली, तों कागदाचा लगदा झाला! सुईच्या प्रत्येक भोंकांतून पाणी शिरलें होतें. मग आंत बिनशिवणीची जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचें तोंड चार वेळां गुंडाळून बांधलें, तेव्हां कागद कोरडा निघाला. घरीं केलेली पिशवी अशी बादलींत पारखल्यावांचून तींत कोणतीही मोलाची वस्तु ठेवूं नये.

फळीच्या पोटाखालीं मागील बाजूस माशाच्या परासारखा एक पंख असतो. तो नसला तर दर वल्ह्यागणिक फळी गरकन् फिरते. मूळचा पंख कागदावर ठेवून त्याची आकृति घेतली आणि भाजी चिरण्याच्या जाड प्लॅस्टिकच्या पाटांतून तशीच कापून, कानशीनें कडा घांसून जादा पंख तयार केला. वल्हें आपल्या उंचीहून ८ ते १० इंच अधिक लांब असावें. आमचें वल्हें लांब-आंखूड होणारें असल्यामुळें प्रत्येकाच्या मापाच्या जागीं निराळ्या रंगाची चिकटपट्टी लावली. तांबडी थोरल्याची, पिवळी धाकट्या नातीची. पात्याचा कल पुढें, म्हणजे फळीच्या नाकाकडे असावा. नवशिके तें बहुधा उलटें धरतात.

भिंतीवर दोन लांकडी हात ठोकून त्यांस जुन्या गोधडीचे तुकडे गुंडाळले, ही झाली मांडणी. फळी सावलींत ठेवावी व थोडी हवा सोडावी. उन्हानें आंतली हवा फुगून सांधे उकलण्याची भीति असते. कोठें गळती वाटली तर रिठ्याचें फेंसाळ पाणी फांसावें, बुडबुडे येतील तेथें छिद्र आहे असें समजावें. मात्र सायकलच्या पंक्चरचें सोल्यूशन या पीव्हीसी कापडावर धड टिकत नाहीं. त्या जातीचेंच चिकटद्रव्य आणावें. दोन लिटरच्या बाटलींत वाळू भरून मासे धरण्यापुरता नांगरही झाला.

येथवर सर्व ठीक चाललें होतें, आणि त्यामुळेंच माझा अभिमान वाढला. उरला पायाचा बंद. बाजारांत मिळणारा बंद गुंडाळलेल्या तारेसारखा, ताणतां येणारा असतो. माणूस पडला तरी फळी त्याच्यापासून दूर जाऊं नये, एवढ्यासाठीं तो असतो. मीं विहिरीच्या जुन्या नायलॉनच्या दोराचा दहा फूट तुकडा घेतला, एक टोंक फळीच्या कडीस बांधलें आणि दुसरें नवारीच्या वेढ्यानें नातवाच्या घोट्यास. “बैलानें ओढली तरी ही गांठ सुटणार नाहीं,” असें मीं सर्वांदेखत म्हणालों. तें वाक्य आजही माझ्या कानांत आहे.

तो दिवस वद्य द्वितीयेचा. दुपारीं दीडच्या सुमारास भरती पुरी झाली होती आणि साडेचारास नातू पाण्यांत उतरला, म्हणजे ओहोटीचा ओढ सर्वांत जोराचा असतो नेमका त्या वेळीं. खाडीच्या मध्यावर कोळ्यांनीं जाळीं लावण्यासाठीं खुंट रोविलेले आहेत. तेथें तोल जाऊन तो पडला. फळी खुंटाच्या एका अंगानें गेली, तो दुसऱ्या अंगानें, आणि दोर खुंटाला अडकून तारेसारखा ताणला गेला. दोहों बाजूंनीं पाणी ओढीत होतें. त्यानें खुंटाला मिठी मारली म्हणून डोकें वर राहिलें. पण मिठी सोडल्याखेरीज पायाकडे हात नेतां येईना, आणि हात नेला असता तरी ती भिजलेली गांठ सुटली नसती. ती सुटूं नये अशीच मीं बांधली होती. कांठावर त्याची आई, मी, घरांतलीं पोरें, सर्व उभे होतों. कोणाच्यानें कांहीं करवेना.

त्याचें आयुष्य बळकट, म्हणून एक वृद्ध तांडेल होडी घेऊन परतत होता. त्यानें होडी खुंटाला लावली व कोयत्यानें दोर तोडला. नातवाला कांठावर उतरवून देतांना तो मला एवढेंच म्हणाला, “मास्तरांनू, गांठ मारूच्या आधी ती सुटतली कशी, ता बघूक व्हया.” रात्रीं पंगतींत कोणी बोललें नाहीं. सूनबाईंनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं, हेंच मला अधिक लागलें.

पुढें मीं या विषयाची माहिती मिळवून वाचली, तेव्हां समजलें कीं तांडेलानें सांगितलेली गोष्ट फार मोठी किंमत देऊन इतरत्रही लोक शिकले आहेत. ३० ऑक्टोबर २०२१ रोजीं वेल्समधील हॅव्हरफोर्डवेस्ट येथें अशा फळ्यांवरून निघालेली मंडळी भरून वाहणाऱ्या नदीच्या बंधाऱ्यावरून खालीं खेंचली गेली आणि चौघांचा अंत झाला. वाहत्या पाण्यांत घोट्याचा बंद वापरूं नये, कंबरेला बांधावयाचा व एका झटक्यासरशीं सुटणारा पट्टा वापरावा, असें तिकडील जाणत्या संस्था बजावून सांगतात. याचें कारण उघड आहे. पाण्याच्या ओढींत वांकून घोट्यापर्यंत हात पोहोंचत नाहीं, कंबरेपर्यंत पोहोंचतो. बंदच नको म्हणावें तर तेंही खरें नव्हे. वाऱ्यानें फळी पोहणाऱ्यापेक्षां वेगानें दूर जाते, आणि ती गेली कीं आधार गेला. म्हणून बंद हवा. पण तो विकतचा, पाण्याच्या जातीप्रमाणें निवडलेला व सुटणारा हवा.

त्या दिवसापासून मीं घरगुती वस्तूंस दोन प्रश्न लावतों. पहिला : पाण्याच्या मध्यावर ही वस्तु तुटली तर काय होईल? दुसरा : ती तुटली नाहीं, सुटली नाहीं, तर काय होईल? आपण सर्वजण पहिलाच प्रश्न विचारतों आणि मजबुतीवर संतुष्ट होतों. खांद्याचा पट्टा तुटला तर पायाच्या बोटाला लागेल. रबरी बंद तुटला तर शिदोरी वाहून जाईल. पंख मोडला तर हळूहळू वल्हवीत परतावें लागेल. या वस्तु खुशाल घरीं कराव्या. नांगर पहिल्या प्रश्नास उतरतो, दुसऱ्यास अडखळतो. म्हणून तो स्थिर पाण्यांतच टाकावा, फळीच्या टोंकाच्या कडीस बांधावा, बाजूस कधींही नाहीं, आणि टोंक ओढतांच सुटेल अशीच गांठ घालावी. पायाचा बंद दोन्ही प्रश्नांस नापास झाला.

तरंगण्याच्या जाकिटाचेंही असेंच. आमच्या लहानपणीं वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा पाठीस बांधून आम्ही विहिरींत पोहावयास शिकलों, हें खरें. पण वर पायरीवर पट्टीचा पोहणारा काका उभा असे. भोपळा अंग तरंगवितो. भिजलेली दोरी सरकली तर तो हातून निसटतो. बाटल्या किंवा थर्मोकोल शिवून जाकीट करण्याचा मोह कोणीही धरूं नये. तें व शिटी विकत घ्यावी. येथें काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, अविचार आहे.

आतां घरीं करण्याची शेवटची, आणि माझ्या मतें सर्वांत मोलाची वस्तु सांगतों. तिला पंचांग, कागद व पेन्सिल एवढेंच साहित्य लागतें. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा कीं, तिथीची पाऊणपट केली असतां भरतीची वेळ येते. पंचमीला पांचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसांतून दोनदां भरती येते व प्रत्येक भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. त्यांतही पहिल्या तासांत एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन-तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक हिस्सा पाणी उतरतें. म्हणजे अर्धें पाणी मधल्या दोनच तासांत जातें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास व त्यापुढचे दोन दिवस हा जोर सर्वांत अधिक असतो. गांवागांवांत थोडा फरक पडतो, म्हणून छापील वेळापत्रकाशीं ताडून पाहावें. हें पंचांग माझ्या खिशांत होतें. गणितही मला येत होतें. त्या दिवशीं मीं तें मांडलें नाहीं, कारण मी गांठीचें कौतुक करण्यांत गुंतलों होतों.

आतां दर महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता धाकटी नात करिते व मांडणीशेजारीं चिकटविते. ज्या तासांवर तिनें तांबडी रेघ ओढली असेल त्या तासांत फळी भिंतीवरून उतरत नाहीं. पावसाळ्याचे चार महिने तर ती गुंडाळूनच ठेवलेली असते. तोडलेला दोरही तेथेंच टांगला आहे. त्याच्या शेजारीं विकत आणलेला कंबरेचा पट्टा असतो. फळी नेणाऱ्या प्रत्येकानें, मग तो कितीही मोठा असो, माझ्यासमोर उभें राहून, डोळे मिटून, एका हातानें तो पट्टा सोडून दाखवावयाचा. प्रथम डाव्या हातानें, मग उजव्या. आयुष्यभर मुलांना कृपेचे दोन-चार गुण वाढवून देत आलों. या परीक्षेंत मात्र देत नाहीं.