भाराखालची जबानी

पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत कायद्याने बंद असते, आणि त्या दोन महिन्यांत कोकणातल्या बंदराबंदरांतून शाकारून ठेवलेल्या नौकांची इंजिने पावसाळी, खारट हवेत निःशब्द उभी राहतात. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आगेमागे तांडेल जेव्हा प्रथम किल्ली फिरवतो, तेव्हा त्या पहिल्या धडधडीकडे खलाशांचे, त्यांच्या घरच्या माणसांचे आणि ज्याच्याकडून डिझेल-बर्फाची उचल झाली त्या व्यापाऱ्याचेही कान लागलेले असतात. अशा प्रसंगी इंजिन गप्प राहिले, की बोलावणे जाते ते बंदरावरच्या मिस्त्रीला. त्याच्या दोषनिदानाच्या विद्येला वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकाच मान मिळावयास हवा, असे मी मनापासून मानतो. कारण किनाऱ्यावर बंद पडलेली मोटार रस्त्याच्या कडेला ढकलता येते, पण भर समुद्रात मुकी झालेली नौका वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते.

रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे जे यंत्र यशस्वीपणे चालवून दाखवले, त्यात ठिणगीला स्थानच नव्हते. आजच्या नौकांवरील इंजिनांतही हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली, की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनास एकदा चालू झाल्यावर विजेची प्रायः गरज उरत नाही. मात्र प्रारंभी ते पुरेशा वेगाने फिरवावे लागते, कारण फेरी मंद झाली तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल न पेटताच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. हे फिरवण्याचे काम बॅटरी आणि स्टार्टर मोटर, म्हणजे बंदराच्या बोलीतला ‘सेल्फ’, यांच्याकडे असते.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम एकच प्रश्न विचारतो: इंजिन फिरते आहे की नाही? ते जोमाने फिरत असून पेटत नसेल, तर तपास इंधनाकडे वळतो. धुराड्यातून धूरच नसेल, तर सिलिंडरात डिझेल पोहोचत नाही, म्हणजे फिल्टर तुंबला, नळीने हवा धरली किंवा इंजिन बंद करणारा सोलेनॉइड अडकून बसला, असे तो समजतो; पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता नाही, असा त्याचा कौल पडतो. इंजिन फिरतच नसेल, तेव्हा विजेच्या मार्गाची तहकीकात सुरू होते, आणि तिथे त्याचे कान त्याच्या हत्यारांच्या आधी कामाला लागतात. ‘टक-टक-टक’ असा अखंड नाद आला, तर सेल्फवरचा सोलेनॉइड संपर्क जोडतो, त्याच क्षणी दुबळ्या बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा वर येतो आणि हाच क्रम चालू राहतो. एकच ठोस ‘टक’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले, सेल्फचे कार्बन झिजलेले किंवा खुद्द इंजिनच जखडलेले असण्याचा संभव असतो.

या शेवटच्या संभवाकडे दुर्लक्ष करणे फार महागात पडते. ज्या इंजिनांत थंड करणारे खारे पाणी धुराबरोबर बाहेर टाकले जाते, त्यांत सुरू न होणारे इंजिन वारंवार फिरवले, तर पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर लोटण्यास धुराचा जोर नसतो. ते पाणी मागे चढून सिलिंडरात शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीन प्रयत्न फसताच खाऱ्या पाण्याचा कॉक बंद करणे हा शहाणपणाचा पहिला नियम आहे.

या विद्येचे मर्म मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका सकाळी उमगले. एका नौकेचा सेल्फ कण्हत एक-दोन फेऱ्या घेई आणि थांबे. “मिस्त्री, बॅटरी नवी आहे, दिवे लख्ख लागतात. सेल्फच गेला, दुसरा आणतो,” असे तांडेलाने सांगितले. मीटर लावला तेव्हा बॅटरीने 12.6 व्होल्ट दाखवले, म्हणजे तांडेलाचे म्हणणे खरेच दिसत होते. मिस्त्री म्हणाला, “थांबा जरा. बसल्या जागी सगळेच सशक्त असतात.” त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली, इंजिन पेटू नये म्हणून खलाशाला बंद करण्याची दांडी ओढून धरायला लावली आणि तांडेलाला सेल्फ मारायला सांगितले. जिथे अर्ध्या व्होल्टाहून कमी आकडा दिसावयाचा, तिथे 3 व्होल्ट उमटले.

यामागचा हिशेब सरळ आहे. बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणाऱ्या अर्थच्या केबलीत अवघा एक शतांश ओहम रोध शिरला, तर 2 अँपिअर घेणाऱ्या दिव्याच्या वाटचे फक्त 0.02 व्होल्ट तीत खर्ची पडतात आणि दिवा लख्ख जळतो. पण 300 अँपिअर मागणाऱ्या सेल्फच्या वाटचे पुरे 3 व्होल्ट त्याच केबलीत उष्णता होऊन जिरतात. स्वस्थ बसलेल्या परिपथाची जबानी म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. प्रत्येक जोडाला पूर्ण भाराखाली उभे करून त्याची साक्ष काढावी लागते, आणि तसे केले नाही, तर निर्दोष सेल्फ आणि निर्दोष बॅटरी यांना शिक्षा होऊन नौकामालकाच्या पदरी नुकसान येते.

मिस्त्रीने त्या अर्थच्या केबलीचे टोक कापले. वरून धडधाकट दिसणाऱ्या आवरणाखाली तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि टोकाला बसवलेल्या धातूच्या लगच्या तोंडाशी हिरवी भुकटी साचली होती: क्षार असलेला ओलावा तारांच्या बारीक फटींतून वर चढत जातो आणि इंजिनाची थरथर त्याला वाट करून देते. कल्हई केलेल्या तांब्याची केबल नौकेवर का वापरतात, हे समजावण्यास दुसरा पुरावा नको होता. त्याने खराब भाग टाकून निरोगी तारांवर नवे लग दाबून बसवले, इंजिनावरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि वर ग्रीसचा हात फिरवला.

किल्ली फिरली, इंजिनाने एका दमात पेट घेतला आणि खलाशांनी आनंदाने आरोळी दिली. मिस्त्रीने मात्र इंजिन बंद करायला लावले, पुन्हा दांडी ओढून धरवली आणि मीटरच्या तारा त्याच दोन ठिकाणी टेकवल्या. आकडा 0.2 वर स्थिरावलेला त्याने तांडेलाला वाकून पाहावयास लावला, आणि मगच मीटर पिशवीत ठेवला.